रीमा लागू आणि १९९४ साल

परवा युट्यूबवर 'तू तू मैं मैं'चा एक जुना एपिसोड लागला आणि मग एकामागून एक चार बघून झाले, रात्रीचा दीड वाजला तरी उठवेना. रीमा लागू सुनेकडे नुसती बघते, बोलत काहीच नाही, पण पुढे काय होणार ते आपल्याला आधीच कळतं आणि हसू फुटतं. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय की आपण या बाईला 'पडद्यावरची आई' म्हणून एका कप्प्यात टाकलं आणि मोकळे झालो, हे काही बरोबर नाही.

मुळात ती रंगभूमीची. माहेरचं नाव नयन भडभडे, आई मंदाकिनी भडभडे स्वतः नाटकातली नावाजलेली नटी, म्हणजे विंग आणि मेकअप रूम लहानपणापासून पाहिलेली. शाळा पुण्यात, हुजूरपागा. पुढे युनियन बँकेत नोकरी, आणि नोकरी सांभाळून नाटक-सिनेमा दोन्ही. १९७९ चा 'सिंहासन', मग 'आक्रोश', 'कलयुग', असे छोटे छोटे रोल. पण खरं काम स्टेजवर चालू होतं. जयवंत दळवींचं 'पुरुष', समोर नाना पाटेकर, आणि ही अंबिका. अत्याचार झाल्यावर गप्प न बसणारी, शेवटी स्वतःच हिशोब चुकता करणारी शिक्षिका. माझ्या मावशीनं ते नाटक बघितलंय आणि ती आजही म्हणते की पडदा पडल्यावर थोडा वेळ कुणाला जागेवरून उठावंसंच वाटलं नाही. 'सविता दामोदर परांजपे'चं नाव काढलं तरी मावशी अशीच बोलायला लागते.

आणि मग १९८८ ला 'कयामत से कयामत तक'मध्ये जुहीची आई, १९८९ ला 'मैंने प्यार किया'मध्ये सलमानची आई. तेव्हा रीमाताईंचं वय ३१, सलमान त्यांच्याहून जेमतेम साडेसात वर्षांनी लहान! पण बघताना हे एकदाही खटकत नाही हो. त्याआधीची हिंदी सिनेमातली आई म्हणजे पांढरी साडी, शिलाई मशीन, खोकला. हिची आई नीटनेटकी, हसरी, मुलाशी मैत्रिणीसारखं बोलणारी, आणि वेळ आली की नवऱ्यासमोर मुलाची बाजू घेणारी. हे तिनं आणलं आणि प्रेक्षकांना इतकं आवडलं की इंडस्ट्रीनं मग तिला दुसरं काही द्यायचंच बंद केलं जवळजवळ. तिशीतच आईचा शिक्का बसला. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अंबिका करणाऱ्या बाईला पुढची कितीतरी वर्षं देवघर आणि मुलीची पाठवणी यातच फिरवायचं म्हणजे काय.

तर १९९४. एकाच वर्षात 'हम आपके हैं कौन'मध्ये माधुरी आणि रेणुका शहाणेची सोज्वळ आई, 'श्रीमान श्रीमती'मध्ये जतीन कनाकियाची बायको कोकिळा, आणि 'तू तू मैं मैं'मध्ये खाष्ट सासू. सिनेमानं जे दिलं नाही ते टीव्हीनं दिलं, हे माझं ठाम मत आहे. कोकी म्हणून ती चक्क रोमँटिक विनोदी नायिका आहे, शेजारी तिच्यावर लट्टू आहे, नवरा शेजारणीवर, आणि हिचं टायमिंग असं की जतीन कनाकियासारख्या पट्टीच्या विनोदी नटासमोर एक वाक्य वाया जात नाही. सासू म्हणून परत वेगळीच. सून झालेली सुप्रिया पिळगांवकर तिच्याहून फक्त नऊ वर्षांनी लहान, म्हणजे खरंतर मैत्रिणी शोभल्या असत्या, पण त्या दोघी भांडायला लागल्या की कुणाची बाजू घ्यावी कळत नाही. मला वाटतं ही मराठी नाटकाची तालीम आहे, वाक्य कुठे सोडायचं आणि समोरच्याचं कुठे पूर्ण होऊ द्यायचं ते अंगात भिनलेलं. कॅमेरा आला म्हणून ते जात नाही.

'वास्तव' (१९९९) बद्दल मात्र थांबून लिहायलाच हवं. संजय दत्त तिच्याहून फक्त तेरा महिन्यांनी लहान, आणि ही त्याची आई. तो गळ्यातली सोन्याची चेन दाखवत घरात येतो तेव्हा हिचा चेहरा बघा, मुलगा हातातून गेलाय हे आईला कळलंय पण बोलता येत नाही. आणि शेवटी त्याच मुलावर स्वतः गोळी झाडते. मला तिथं सरळ 'पुरुष'मधली अंबिका दिसते. आई आईच आहे, पण तिच्या आत ती बाई इतकी वर्षं तशीच जिवंत होती.

फिल्मफेअरची नामांकनं मिळाली, 'वास्तव'लाही मिळालं, पुरस्कार एकदाही नाही.

नंतर 'रेशमगाठ', 'सावली', 'अनुमती' असे मराठी सिनेमे केले, झी मराठीवर 'तुझं माझं जमेना' केली. शेवटची सिरीयल 'नामकरण', त्यात दयावंती मेहता, चक्क निगेटिव्ह आजी, सगळ्या घराला धाकात ठेवणारी. १८ मे २०१७ ला हार्ट अटॅकनं गेल्या, वय ५८. आदल्या दिवशीसुद्धा त्या 'नामकरण'च्याच सेटवर होत्या, शूटिंग करत.