क्षितिज जरा डावीकडे कललंय

भिगवणच्या रोहित पक्ष्यांच्या फोटोंवरून पुण्यात दर हिवाळ्यात किती वाद होतात, हे त्या पक्ष्यांना कुणी सांगू नये. ते बिचारे उजनीच्या फुगवट्यात उलटी चोच चिखलात घालून आपलं पोट भरत असतात, आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर एका अमृततुल्यच्या बाकड्यावर पाच-सहा माणसं लॅपटॉपमध्ये डोकी घालून बसलेली असतात. ‘पंख कापला गेलाय.’ ‘कापला नाही, फ्रेमच्या बाहेर गेलाय.’ ‘बाहेर गेला म्हणजे कापलाच की!’

ही आमची मंडळी. सगळे हौशी. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, एक दातांच्या डॉक्टर, एक स्टेशनरीचं दुकान चालवणारे गृहस्थ, आयटीतले दोघं-तिघं आणि अभियांत्रिकीला असलेला एक मुलगा. त्याच्याकडे सगळ्यांत जुना कॅमेरा आहे आणि फोटो बहुतेक वेळा त्याचेच चांगले येतात. याबद्दल त्याला अजून कुणी माफ केलेलं नाही. फोटोग्राफीवर कुणाचंच पोट चालत नाही, त्यामुळे मतं मात्र फार ठाम.

आपल्याकडे एखाद्याच्या कामावर तोंडावर टीका करणं जरा अवघडच. त्यात वयाचा मान. म्हणून आमची टीका नमस्कार घालत येते. ‘काका, लहान तोंडी मोठा घास होतोय, पण हायलाइट जळलेत, उजळ भाग नुसते पांढरे झालेत.’ ‘मॅडम, फोटो सुंदरच आहे, प्रश्नच नाही, फक्त क्षितिज जरा डावीकडे कललंय.’ हे ‘जरा’ किती अंशांचं असतं ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. मागे कुणाच्या तरी फोटोत उजनीचं अख्खं पाणी एका कोपऱ्यातून सांडून जाईल अशी अवस्था होती, तरी तेही ‘जरा’च.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर तेवढंही नाही. तिथे फोटो पडला की ‘अप्रतिम’, ‘क्लास’, ‘क्या बात है सर’ आणि टाळ्या. हे सगळं आहेराच्या वहीसारखं चालतं. तुम्ही माझ्या खंड्याला ‘अप्रतिम’ दिलंत, मी तुमच्या सूर्यास्ताला ‘निव्वळ अप्रतिम’ देतो. ज्याने माझ्या फोटोकडे दुर्लक्ष केलं त्याचं नाव मनातल्या मनात टिपून ठेवलेलं असतं. आणि चुकून कुणी ‘डोळा शार्प नाहीये’ असं लिहिलंच, तर उत्तर तयार असतं: ‘ओरिजिनल शार्प आहे, व्हॉट्सअॅपने क्वालिटी घालवली.’ व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं हे खरं आहे, त्यात बारीक तपशील जातो हेही खरं. पण फोकस डोळ्याऐवजी मागच्या बाभळीवर बसला असेल तर त्यात व्हॉट्सअॅपचा काय दोष? तरीही ती सबब कुणी खोडत नाही. उद्या आपल्यालाही लागणार असते.

म्हणून रविवारची बैठक. पहाटे मंडईत किंवा जुन्या पेठांतून फिरायचं, फोटो काढायचे, मग चहा आणि मग आठवड्याभराचे फोटो मोठ्या स्क्रीनवर. तिथे सबबी चालत नाहीत, शंभर टक्के झूम करून बघता येतं.

टीकेची सुरुवात नेहमी सोप्या गोष्टींपासून होते. क्षितिज वाकडं आहे, हे कुणालाही दिसतं. विषय बरोब्बर मधोमध बसलाय, मग लगेच एकतृतीयांशाचा नियम काढायचा. हा नियम आमच्यात वेदवाक्य आहे. आयताचे उभे-आडवे तीन तीन भाग करा आणि महत्त्वाचं ते त्या रेघांवर ठेवा. गंमत म्हणजे हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या एका इंग्रज चित्रकाराने तो १७९७ मध्ये मांडला, निसर्गचित्रांच्या संदर्भात. लुई दागेर या फ्रेंच माणसाचा फोटो टिपण्याचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला १८३९ साली. म्हणजे ज्यासाठी आम्ही भांडतो ती गोष्ट जन्माला यायच्या बेचाळीस वर्षं आधीच आमचं भांडण तयार होतं.

त्यानंतर बगळा. पांढराशुभ्र बगळा, मागे काळं पाणी, आणि फोटोत बगळ्याच्या जागी कापसाचा बोळा. हे प्रत्येक नवशिक्याचं होतं. कॅमेऱ्याला बगळा कळत नाही, समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं असणार असं तो धरून चालतो. काळं पाणी जास्त दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. पाणी जरा उजळतं आणि बगळ्याची पिसं जातात. सेन्सरवरचा एखादा ठिपका प्रकाशाने काठोकाठ भरला की त्यापुढची माहिती तिथे नोंदलीच जात नाही, मग संगणकावर कितीही स्लायडर ओढा, पीस परत येत नाही. उपाय साधा आहे, एक्स्पोजर उणे करायचं, म्हणजे कॅमेऱ्याला मुद्दाम कमी उजेड घ्यायला लावायचं. हे आमच्या दुकानदार गृहस्थांनी एका नवीन आलेल्या मुलीला इतकं प्रेमाने समजावलं की तिने पुढच्या आठवड्यात कावळासुद्धा उणे करून आणला.

हे सगळं तंत्र झालं. त्यातली टीका करायला सोपी आणि ऐकायलाही सोपी, कारण दोष कॅमेऱ्याच्या सेटिंगवर ढकलता येतो.

ही बैठकीची सवय काही आमची नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे सत्तावनच्या उठावाच्याही आधी. तिच्यात गोरे अधिकारी होते तसे आपले लोकही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, तेही पेशाने डॉक्टर, त्यातले एक. पुढे विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून छायाचित्रांचा एक अल्बमच अंकाअंकाने काढला, आणि त्याच्या नावात चक्क ‘अॅमॅच्युअर’ हा शब्द होता. तेव्हा ओल्या कलोडियनची पद्धत होती. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत किंवा तंबूत नेऊन धुवायची. मुंबईच्या उन्हाळ्यात हे करणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. शिवाय त्यांच्याकडे व्हॉट्सअॅपपेक्षा कितीतरी दर्जेदार सबब होती: काच वाळली.

आमच्या काकांची गोष्ट याच्या मधली, रोलच्या काळातली. छत्तीस फोटोंचा रोल, तो पुरवून पुरवून वापरायचा, धुवून येईपर्यंत आठवडा, आणि मग निवडक प्रिंट घेऊन क्लबात जायचं. तिथे एक ज्येष्ठ सदस्य असत. ते बोलत फार कमी. पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे काढत, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे. प्रिंटवर ते समोरासमोर ठेवले की मध्ये चौकट तयार होते, आणि सरकवले की चौकट लहान-मोठी होते. ते एल सरकवायला लागायचे. आधी आकाश जायचं. मग डावीकडचं झाड, जे काकांनी मुद्दाम ‘फ्रेमिंग’ म्हणून घेतलेलं. मग बैलगाडी. असं करत करत बारा बाय पंधराच्या प्रिंटमधून पोस्टकार्डाएवढा तुकडा उरायचा, त्यात गाडीवानाचा चेहरा आणि कासरा धरलेला हात. ते म्हणत, ‘हा तुमचा फोटो. बाकीचं तुम्ही भीतीपोटी घेतलंत.’ काका सांगतात, घरी परत येताना बसमध्ये त्यांना इतका राग यायचा की तिकीट घ्यायचं राहून जायचं. आणि पुढचा रोल भरताना ते एल डोळ्यांसमोर असायचे.

काकांनी तसे पुठ्ठे स्वतःही करून ठेवलेत. लॅपटॉपच्या स्क्रीनवर ते लावतात तेव्हा आयटीतली मुलं हसतात. एका माऊसच्या ओढीत क्रॉप होतो, हे त्यांचं म्हणणं. काकांचं म्हणणं, ओढता येतं म्हणून तुम्ही ओढून मोकळे होता, थांबून बघत नाही. मला यात काका बरोबर वाटतात, जरी त्यांचे अंगठे स्क्रीनवर उमटतात आणि पुसायचं काम माझ्याकडे येतं.

आमच्याकडे एक नियम झाला तोही त्यांच्यामुळे. आयटीतला एकजण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा फोटो घेऊन आला होता. फोटो दाखवायच्या आधी त्याने प्रस्तावना केली: रात्री चढायला सुरुवात, पाऊस, निसरडी वाट, मित्राचा पाय मुरगळलेला, तीन वाजता थंडगार फरशीवर झोप, आणि मग पहाटे ढग उघडले. आम्ही श्वास रोखून ऐकलं. मग फोटो आला. धुकं, कडा, धुकं. तसा बरा होता. सगळ्यांनी वा वा केलं. काका बराच वेळ बघून म्हणाले, ‘अरे, मग पाऊस कुठेय? पाय कुणाचा मुरगळला? यात तर तू हॉटेलातून उतरून आल्यासारखा दिसतोस.’

मुलगा दुखावला. पण मला तेव्हापासून वाटत आलंय की एकमेकांना फोटो दाखवण्याचं खरं कारण हेच असावं. आपला फोटो आपल्याला बघताच येत नाही. तो उघडला की आपल्याला वाऱ्याचा आवाज येतो, बोटं गारठल्याचं आठवतं, शेजारी कोण उभं होतं ते आठवतं, आणि हे सगळं आपण त्या आयतात आहे असं समजून चालतो. दुसऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याच्यापुढे फक्त आयत. तो जे बघतो तेवढंच आपण काढलेलं असतं. म्हणून नियम असा की दाखवणाऱ्याने आधी बोलायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की मगच तोंड उघडायचं. पुणेकरांच्या मंडळात हा नियम टिकलाय, यावरून त्याची ताकद ओळखा.

या गप्प बसण्याचा एक फायदा डॉक्टरांना झाला. त्यांनी मंडईतला एक फोटो आणला होता, लसणाच्या ढिगाऱ्याशी डुलकी घेणारी म्हातारी. फोटो कशासाठी काढला असेल ते मला कळत होतं. सकाळचं तिरकं ऊन लसणाच्या पातळ सालींतून असं आरपार येत होतं की बघत राहावं. पण अभियांत्रिकीवाला मुलगा म्हणाला, ‘तराजूत बघा.’ तराजूच्या पितळी पारड्यात, वाकड्यातिकड्या आकारात, गिऱ्हाईक दिसत होतं: हात पुढे करून उभं, तिला उठवावं की नको या विचारात. एकदम सगळा फोटोच बदलला. लसूण मागे पडला. डॉक्टर नियमाप्रमाणे गप्प होत्या. बोलायची वेळ आली तेव्हा ‘मी ते बघूनच काढलं’ असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि ‘मला दिसलंच नव्हतं’ असंही म्हणाल्या नाहीत. फक्त चहा मागवला, सगळ्यांसाठी.

काही वेळा मात्र टीका फोटोवर राहत नाही, आणि राहूही नये. आंबोलीचा पावसाळा संपला की चापडा सापांचे फोटो येतात. मलबारी चापडा, शेवाळलेल्या सुबक फांदीवर, डोकं नेमकं कॅमेऱ्याकडे, मागे काळोख. प्रकाश उत्तम, खवला न् खवला शार्प. आणि आमच्या डॉक्टर शांतपणे विचारतात, ‘तो त्या फांदीवर स्वतः आला होता की आणून ठेवला?’ यावर जी शांतता पसरते तिच्यातच उत्तर असतं. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो आम्ही बघतच नाही. फोटोसाठी कुणी आडवी आलेली फांदी कापतो, पालक पक्षी तासन्‌तास लांब राहतो, आणि उघडी पडलेली पिल्लं कावळ्यांना सापडतात. वारीतल्या फोटोंनाही हाच प्रश्न लागू. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या म्हातारीचा फोटो कितीही भावपूर्ण असला तरी, ‘तिला विचारलं होतंस का?’ हे विचारणारा कुणीतरी बाकड्यावर असायला हवा. याला काही जण रसभंग म्हणतात. म्हणोत.

परवाचा वाद जेजुरीवरून झाला. सोमवती अमावास्येला भंडारा उधळतात तेव्हाचे फोटो देशभरातल्या स्पर्धांमधून इतके फिरलेत की पिवळा ढग आणि त्यातून वर आलेले हात दिसले की फोटो कुणाचा, हे कोपऱ्यातलं नाव वाचल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडेही दोघांनी आणले, दोघांचा ढग सारखाच. अभियांत्रिकीवाल्या मुलाने मात्र वेगळंच आणलं. ढग नाही, पालखी नाही, गडाच्या पायऱ्याही नाहीत. रस्त्याकडेचा नळ, एक बाप वाकून आपल्या पोराचे कान धुतोय, पोराने डोळे घट्ट मिटलेत, आणि पायाशी पिवळं पाणी वाहत चाललंय.

काका म्हणाले, ‘यात जेजुरी कुठेय?’ डॉक्टर म्हणाल्या, ‘यातच तर आहे.’ दुकानदार म्हणाले, नळाचा पाइप उजवीकडून कापायला हवा. काका म्हणाले, देव नाही, भक्त नाही, हा फोटो कुठल्याही गावातला असू शकतो. डॉक्टर म्हणाल्या, कुठल्या गावात पोराचे कान असे पिवळे होतात? आयटीतल्या दोघांनी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-रंगांचा आलेख, उघडून पिवळ्याच्या बाजूने आणि विरुद्ध असे दोन पक्ष काढले. अमृततुल्यवाला दोनदा येऊन कप उचलून गेला, तिसऱ्यांदा फडकं मारायला लागला. मुलगा नियमाप्रमाणे तोंड मिटून बसलेला.

शेवटी काकाच म्हणाले, ‘बरं, आता तू बोल. ढग, पालखी सगळं सोडून हाच का काढलास?’

‘कार्ड भरलं होतं काका,’ तो म्हणाला. ‘सगळं ढगांमध्येच गेलं. एकाच फोटोपुरती जागा उरली होती, म्हणून अर्धा तास नुसता बघत फिरलो.’

काकांनी कप खाली ठेवला. ‘मग पुढच्या वेळी निघतानाच छोटं कार्ड घेऊन जा,’ ते म्हणाले. ‘आणि तो पाइप काप.’