शेवटचं टेबल

स्वागत, अहवाल, जमाखर्च, नव्या कार्यकारिणीची निवड, हे सगळं प्लॅस्टिकची छोटी विमानं बांधणाऱ्या आमच्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात अर्ध्या तासात उरकतं आणि ते तसंच उरकलेलं बरं. सगळ्यांची नजर तोवर मागच्या टेबलांकडे लागलेली असते. काळं कापड अंथरलेलं, त्यावर मापानुसार मांडलेली विमानं. १/३२ वाल्यांना, म्हणजे खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या भागाएवढं मॉडेल बांधणाऱ्यांना, दोन टेबलं पुरतात, १/४८ ला चार. १/७२ ची रांग मात्र दरवर्षी भिंतीला टेकते. हे माप ज्यांना क्षुल्लक वाटतं त्यांना इतकंच सांगायचं, की फ्रॉग या ब्रिटिश कंपनीची 'पेंग्विन' ही प्लॅस्टिक किटची, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचांची, पहिली मालिका १९३६ साली आली ती याच मापात, आणि एअरफिक्स कंपनीचं पहिलं स्पिटफायर हे लढाऊ विमान १९५३ साली आलं तेही याच मापात. १/४८ मध्ये स्पिटफायरचे पंख २३.४ सेंटीमीटर भरतात, १/७२ मध्ये १५.६. तळहाताएवढ्या विमानात जोडाची रेघ लपवणं किती कठीण असतं ते त्या टेबलावर वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सकाळच्या प्रात्यक्षिकांत सगळ्यात आधी भरतो तो तारांचा वर्ग. दुपंखी विमानांच्या तारा ओढून दाखवणाऱ्या ताई गेली कित्येक संमेलनं तोच कोपरा, तीच मेणबत्ती आणि स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, तुकड्यांची तीच डबी घेऊन बसतात. स्प्रूचा बोटभर तुकडा त्या ज्योतीच्या दोनेक सेंटीमीटर वर धरतात, ज्योतीत नाही. दोन्ही टोकं चिमटीत धरून तो सारखा फिरवत राहतात. प्लॅस्टिक आधी चकाकतं, मग मधे किंचित लवतं. नवशिका इथेच ओढतो आणि तुकडा तुटतो. ताई तो आधी आचेवरून बाजूला घेतात, एक श्वास थांबतात आणि मग दोन्ही हात एका लयीत लांब नेतात. भराभर ओढलं तर केसासारखी बारीक तार मिळते, सावकाश ओढलं तर जाड. ओढून झाल्यावर काही सेकंद ताण तसाच धरून ठेवायचा, म्हणजे तार सरळ थंड होते. त्या काही सेकंदांत अख्खा कोपरा गप्प असतो.

पुढचं काम विभाजकाचं, म्हणजे दोन टोकदार पायांच्या कंपासचं. त्याने खांबांमधलं अंतर मोजायचं, तार तेवढी कापायची आणि टोकांना पांढऱ्या गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावून बसवायची. तार सैल राहिली तर विझवलेल्या उदबत्तीचं गरम टोक तिच्याजवळून, न टेकवता फिरवायचं. तार आक्रसते आणि ताठ होते. नायलॉनचा दोरा वापरणाऱ्यांसाठी त्यांची सूचना वेगळी असते. ०.३ मिलिमीटरची भोकं वरचा पंख चिकटवण्याआधीच पाडा, आणि दोरा ओढताना हात आवरा, कारण फाजील ताणाने पंखच वाकतो. रंग आणि डिकल, म्हणजे विमानावर चिकटवायची छापील चिन्हं, पूर्ण झाल्याशिवाय एकही तार लावायची नाही, हे त्या दर दहा मिनिटांनी सांगतात, आणि सांगावंच लागतं.

एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशच्या, टेबलाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथली गर्दी आपली आपण जमते. रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), अंतर १० ते १५ सेंटीमीटर. ब्रश लांब गेला की रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. जवळ आला की ओघळ. प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा थर, लावायचा तो मुख्यतः जोड तपासण्यासाठी. करडा थर बसला की नुसत्या प्लॅस्टिकवर न दिसलेली प्रत्येक चीर समोर येते.

आणि मग येतो तो कार्यक्रम, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. संमेलनाचं शेवटचं सत्र, 'फसलेलं मॉडेल'. सभागृहाच्या टोकाला एक छोटं टेबल, त्यावर बिघडलेली विमानं, आणि प्रत्येकाच्या मालकाला दहा मिनिटं. नियम तीनच. काय बिघडलं, का बिघडलं आणि ते कधी लक्षात आलं, एवढंच बोलायचं. सबबी नाहीत, श्रोत्यांकडून सांत्वनही नाही. बक्षिसांच्या टेबलावर कारागिरी दिसते हे खरं. पण माणूस किती काळजीने काम करतो ते याच टेबलापाशी कळतं, असं माझं ठाम मत आहे.

या सत्रात काही दुखणी दरवर्षी नव्या मालकासह परत येतात. डिकलखाली चंदेरी चमक हे त्यातलं पहिलं. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, त्यावर डिकल बसवलं की पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चिन्हाभोवतीचा पारदर्शक काठ उठून दिसतो. आधी ग्लॉस वार्निशचा थर देऊन तो पुरता वाळू दिला तर हे टळतं. चमक आलीच तर बारीक सुईने टोचून मऊ करणारं द्रावण पुन्हा लावायचं. डिकल सुरकुततं, त्याला त्या वेळी बोट लावायचं नाही, ते आपोआप बसतं.

दुसरं दुखणं धुकट कॅनॉपीचं, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाचं. सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरी साय धरते, आणि कॅनॉपी बंद झाल्यावर ती आतून पुसताही येत नाही. काचेला पांढरा गोंदच हवा. शिवाय कॅनॉपी निप्परने भागालगत तोडली की चिरेची पांढरी खूण आत शिरते, म्हणून बारीक करवतीने कापून पॉलिश पेपरने टोक उतरवायचं.

तिसरं पंखाच्या मुळाशी राहणारी फट. बहुतेकजण ती पुट्टीने भरतात. पुट्टी वाळताना आक्रसते, म्हणून पुन्हा भरतात, मग घासताना शेजारच्या पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या, रेघाही पुसून टाकतात. एका सदस्याने एका वर्षी असंच गुळगुळीत झालेलं विमान आणलं होतं आणि शेजारी त्याच किटचं दुसरं धड, अजून न चिकटवलेलं. दोन्ही अर्ध्यांमध्ये स्प्रूचा तुकडा आडवा टेकू म्हणून बसवून त्यांनी धड आतून जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद केलं आणि पंख टेकवून दाखवला. फट नाहीशी. पुट्टीची गरजच उरली नाही. टाळ्या वाजल्या, पण टाळ्या वाजवायला आम्ही होतो किती? दुपारी किट अदलाबदलीच्या टेबलाला गराडा घालणारे, निकाल लागेपर्यंत खुर्ची न सोडणारे सभासद या सत्राच्या वेळी वाहनांकडे चालू लागलेले असतात. सकाळी शंभर खुर्च्या कमी पडतात आणि शेवटच्या टेबलाभोवती वीस माणसं उभी असतात. हे मी अहवालात दोनदा नोंदवलं आहे, इथे तिसऱ्यांदा नोंदवतो.

जे निघून गेले त्यांनी पी-३८ लाइटनिंगचं भाषण चुकवलं. या विमानाला दोन शेपट्या आणि नाकाखाली एक चाक. नाकात वजन घातलं नाही तर ते शेपट्यांवर बसतं. किती वजन घालायचं ते काढायची रीत सोपी आहे. सगळे भाग टेपने जोडायचे, मुख्य चाकांच्या जागी विमान तोलायचं, नाकावर वजन ठेवत जायचं, नाक खाली गेलं की त्यावर आणखी थोडं घालायचं, कारण रंग आणि शेपटीचे बारीक भाग अजून लागायचे असतात. मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांनी हे सगळं चोख केलं होतं. त्या लाइटनिंगला त्या वर्षीचं पहिलं बक्षीस होतं. सहा वर्षांनी त्यांनी तेच मॉडेल फसलेल्यांच्या टेबलावर ठेवलं. नाक जोडावर उभं फाटलेलं आणि फटीतून पांढरी भुकटी डोकावणारी. शिशाचे छर्रे त्यांनी पांढऱ्या गोंदात बसवले होते. त्या गोंदातून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाने शिसं गंजतं, त्याचं शिशाचं कार्बोनेट होतं, आकार वाढतो आणि प्लॅस्टिक उकलतं. शिसं वापरायचंच असेल तर इपॉक्सीत बुडवा, नाहीतर पोलादी छर्रे घ्या, भुकटी दिसली तर ती विषारी आहे, उघड्या हाताने झाडू नका, एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग खिशातून वही काढली आणि सहा वर्षांत त्यांनी ज्यांना ज्यांना पांढऱ्या गोंदाची रीत शिकवली होती ती नावं वाचली. एकेक नाव, किटसह. घरी गेल्यावर नाकाचा जोड तपासा, म्हणाले. चौदा नावं होती आणि त्यांतले नऊजण आधीच निघून गेले होते. काकांनी त्या नऊजणांना दुसऱ्या दिवशी फोन केले.

आता आभार. कुणी सुटू नये म्हणून यादी तिघांकडून तपासून घेतली आहे. आदल्या रात्री टेबलं लावणारे पाचजण आणि काळं कापड घरून इस्त्री करून आणणारे दोघे. माप, किट आणि बांधणाऱ्याचं नाव असलेली चिठ्ठी प्रत्येक मॉडेलपुढे सुवाच्य अक्षरात लिहिणाऱ्या भगिनी. दिव्यांची उंची ठरवणारा विद्यार्थी, ज्याच्यामुळे परीक्षकांना पंखांच्या खालची बाजू दिसली. विजेच्या तारा टेपने जमिनीला चिकटवणारे, म्हणजे कुणी अडखळलं नाही. दुरुस्तीच्या टेबलावर दिवसभर बसलेले दोघे. प्रवासात तुटलेली अकरा चाकं, चार अँटेना आणि एक प्रोपेलर त्यांनी बसवून दिला. फोटो काढणारे. एअरब्रशजवळ मास्क वाटणाऱ्या आणि खिडक्या उघड्या ठेवायला लावणाऱ्या काकू. खोकी दारापर्यंत उचलून देणारी मुलं.

यादी टाइप झाल्यावर लक्षात आलं की सभागृह रिकामं झाल्यावर व्हॅक्युम क्लीनरच्या नळीवर पातळ मोजा ताणून जमीन पिंजून काढणारे सभासद त्यात नव्हते. मोज्यावर अडकलेले सात भाग त्यांनी पाकिटात घालून ठेवले आहेत. त्यांत १/७२ च्या झीरो या जपानी लढाऊ विमानाचं शेपटीचं चाक आहे आणि एक पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी नळी) आहे, ती कुठल्या विमानाची ते अजून कळलेलं नाही. ज्यांची असेल त्यांनी चिटणीसांकडून घेऊन जावी.