हे कळलं कसं? व्हॉयेजर, बेनू, पेंग्विन आणि अकरा दिवसांचं उड्डाण

विज्ञानाच्या बातम्यांवर गप्पा निघाल्या की आकडे भराभर पुढे येतात. चोवीस अब्ज किलोमीटर, दिवसाला दहा हजार डुलक्या, अकरा दिवस सलग उड्डाण. ऐकणारा "बापरे" म्हणतो आणि विषय संपतो. तो आकडा हाती लागला कसा, कुठलं उपकरण वापरलं, ते कुठे अडलं, असं विचारलं की मग गप्पा खऱ्या रंगतात.

व्हॉयेजर-१ घ्या. सप्टेंबर १९७७ मध्ये सुटलेलं नासाचं हे यान १४ नोव्हेंबर २०२३ पासून अचानक निरर्थक बरळायला लागलं. एक आणि शून्य यांची तीच ती ठरावीक रचना, पुन्हा पुन्हा. रेडिओ शाबूत होता, पृथ्वीवरून पाठवलेल्या आज्ञा पोचत होत्या, यान त्या पाळतही होतं. यानावर तीन प्रकारचे संगणक आहेत. त्यातला एफडीएस हा उपकरणांची मोजमापं आणि यानाच्या तब्येतीची माहिती गोळा करतो, तिची पाकिटं बांधतो आणि पुढच्या युनिटकडे देतो. ते युनिट ती पृथ्वीकडे धाडतं. बिघाड होता तो पाकिटं बांधण्यात.

निदान करायचं तर यान चोवीस अब्ज किलोमीटरवर, सिग्नल जायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. एक आज्ञा द्या आणि जवळपास दोन दिवस वाट बघा. १ मार्च २०२४ ला टीमने एफडीएसला हलकासा धक्का दिला: प्रोग्रॅममधले वेगवेगळे क्रम चालवून बघ, खराब भागाला वळसा घालता येतो का ते पाहू. ३ मार्चला आलेला सिग्नल आधीच्या कचऱ्यापेक्षा वेगळा निघाला, पण नेहमीच्या फॉरमॅटमध्येही नव्हता. डीप स्पेस नेटवर्कमधल्या, म्हणजे दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या अँटेनांच्या जाळ्यातल्या, एका इंजिनिअरने तो उलगडला, तेव्हा त्यात एफडीएसच्या संपूर्ण मेमरीची प्रत सापडली. बिघाडाआधीची प्रत हाताशी होतीच. दोन्ही ताडून पाहिल्या आणि मेमरीचा सुमारे ३ टक्के भाग खराब झाल्याचं कळलं. मूळ एकाच चिपमध्ये होतं. ती एखाद्या वेगवान कणाने मारली की ४६ वर्षांत झिजून गेली, हे ठरवता आलं नाही, आणि दुरुस्तीसाठी त्याने फरकही पडत नव्हता.

चिप बदलायला तिथे कोण जाणार? तिच्यावरचा कोड दुसरीकडे हलवायचा होता, पण तो अख्खा मावेल एवढी सलग जागा मेमरीत कुठेच नव्हती. मग त्याचे तुकडे करून जिथे जागा मिळेल तिथे ठेवायचं ठरलं. हे बोलायला सोपं आहे. प्रोग्रॅममध्ये जागोजागी "अमुक पत्त्यावर जा" अशा सूचना असतात. एक तुकडा हलवला की त्याच्याकडे बोट दाखवणारी प्रत्येक सूचना शोधून बदलावी लागते, हलवलेल्या तुकड्यांतली आणि न हलवलेल्या कोडमधलीसुद्धा. एखादी राहून गेली तर संगणक भलत्याच जागी जाऊन भलतंच काही आज्ञा म्हणून वाचायला लागेल. म्हणून सगळं एकदम न हलवता आधी फक्त यानाच्या तब्येतीची माहिती बांधणारा भाग निवडला. १८ एप्रिलला तो पाठवला, २० एप्रिलला उत्तर आलं आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा यानाची हालहवाल वाचता आली. मे महिन्यात दोन विज्ञान उपकरणं आणि जूनमध्ये चारही पूर्ववत झाली.

ही बातमी गाजली. माझ्या मते त्याहून धाडसी दुरुस्ती २०२५ मध्ये झाली आणि ती मात्र बरीचशी दुर्लक्षित राहिली. अँटेना पृथ्वीकडे रोखलेली राहावी म्हणून यान एका मार्गदर्शक ताऱ्यावर नजर ठेवतं आणि त्यासाठी रोल थ्रस्टर, म्हणजे छोटी रॉकेट इंजिनं, त्याला स्वतःभोवती किंचित किंचित फिरवत राहतात. मुख्य रोल थ्रस्टर २००४ मध्येच बंद पडले होते, कारण त्यांच्या आतल्या दोन छोट्या हीटरची वीज गेली होती. तेव्हा ते कायमचे गेले असं धरून पर्यायी थ्रस्टरवर काम सुरू ठेवलं. आता त्या पर्यायी थ्रस्टरच्या इंधननळ्या आतून चोंदत चालल्या आहेत. इंधनटाकीतला रबरी पडदा म्हातारा होतोय आणि त्यातून निघणारं सिलिकॉन डायऑक्साइड नळ्यांत साचतंय.

जुन्या बिघाडाकडे पुन्हा पाहताना शंका आली, की हीटर जळाले नसावेत. वीजपुरवठ्याच्या सर्किटमधला एक स्विच चुकीच्या बाजूला पडला असावा. तो परत फिरवून बघायचा, तर आधी ते झोपलेले थ्रस्टर चालू करावे लागणार. मेख इथे होती. त्या काळात यान ताऱ्यापासून फार ढळलं असतं तर थ्रस्टर आपोआप पेटले असते, आणि हीटर थंड असताना पेटले असते तर छोटा स्फोट होण्याचा धोका होता. थांबायलाही सवड नव्हती. व्हॉयेजरला आज्ञा पाठवण्याइतकी ताकद असलेला कॅनबेऱ्याचा ७० मीटरचा अँटेना मे २०२५ पासून कित्येक महिने दुरुस्तीसाठी बंद राहणार होता. २० मार्चला उत्तर आलं: हीटरचं तापमान झपाट्याने चढलेलं. अंदाज बरोबर होता.

तिकडे सूर्यमालेच्या वेशीबाहेर कोड हलवला जातो आणि इकडे पृथ्वीवर, सगळी हत्यारं हाताशी असताना, दोन फास्टनर (झाकण घट्ट धरणारे स्क्रूसारखे भाग) हलत नाहीत. ओसायरिस-रेक्स यानाने बेनू लघुग्रहावरची माती २४ सप्टेंबर २०२३ ला यूटाच्या वाळवंटात उतरवली. नमुना ज्या डब्यात होता त्याच्या झाकणाला ३५ फास्टनर. ३३ निघाले, दोन अडकले. ड्रिल का नाही मारलं, असं सगळेच विचारतात. डबा नायट्रोजन वाहत्या ठेवलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे बाहेरून हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीत होता आणि आत फक्त मंजूर केलेल्या धातूंची हत्यारं नेता येतात. ड्रिलने धातूचा कीस उडाला असता आणि साडेचार अब्ज वर्षं जुन्या धुळीत मिसळला असता. पुढे तीच धूळ तपासून "हे लोह बेनूचं की ड्रिलचं" असा वाद घालत बसावं लागलं असतं. शेवटी दोन नवी हत्यारं बनवली. त्यांचे बिट ग्लव्हबॉक्समध्ये चालतील अशा धातूंपैकी सर्वांत कठीण धातूचे होते: शस्त्रक्रियेच्या दर्जाचं, चुंबकत्व नसलेलं स्टेनलेस स्टील. जानेवारी २०२४ मध्ये फास्टनर सुटले आणि नमुना भरला १२१.६ ग्रॅम. ठरलेलं उद्दिष्ट ६० ग्रॅमचं होतं.

या सोवळ्याचं फळ वर्षभराने दिसलं. सजीव प्रथिनं बनवायला जी २० अमिनो आम्लं वापरतात त्यातली १४ त्या मातीत सापडली. उल्का जमिनीवर पडते तेव्हा पृथ्वीवरचा ओलावा आणि जंतू तिला लगेच चिकटतात, त्यामुळे असा शोध नेहमी संशयात राहतो. इथे अमिनो आम्लांची डावी आणि उजवी, आरशातल्या प्रतिबिंबासारखी, अशी दोन्ही रूपं साधारण सारख्या प्रमाणात मिळाली. पृथ्वीवरचे जीव जवळजवळ फक्त डावी वापरतात. नमुना इथल्या जीवसृष्टीने बाटलेला असता तर पारडं डावीकडे झुकलं असतं.

आता प्राणी. अंटार्क्टिकातले चिनस्ट्रॅप पेंग्विन घरट्यावर असताना दिवसाला दहा हजारांहून जास्त डुलक्या घेतात, सरासरी चार सेकंदांच्या. हे २०२३ च्या शेवटी प्रसिद्ध झालं. गुणाकार करा: चाळीस हजार सेकंद, म्हणजे अकरा तासांहून थोडं जास्त. मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागाला इतकी झोप मिळते. हे नुसतं बघून कळलेलं नाही, कारण मिटलेला डोळा म्हणजे झोप असं धरता येत नाही. किंग जॉर्ज बेटावरच्या चौदा पक्ष्यांना मेंदूचे तरंग मोजणारे इलेक्ट्रोड बसवले होते आणि पाठीवर नोंदयंत्र होतं. त्यातून एक अनपेक्षित गोष्टही निघाली. अंडी पळवणारे स्कुआ पक्षी वसाहतीच्या कडेला हल्ला करतात, तेव्हा कडेच्या पेंग्विनांची झोप जास्त मोडायला हवी होती. झालं उलट, मधल्यांची जास्त मोडत होती. शेजाऱ्यांचा गोंगाट आणि टोचाटोची भक्षकापेक्षा महाग पडत असावी. मात्र चार सेकंदांच्या डुलकीने थकवा खरंच भरून येतो का, हे या प्रयोगात थेट मोजलेलं नाही. पिल्लं व्यवस्थित वाढली त्यावरून काढलेला तो तर्क आहे. बातम्यांनी तेवढं वाक्य सोयीस्कर गाळलं.

उरलं बार-टेल्ड गॉडविट या स्थलांतर करणाऱ्या किनारी पक्ष्याचं उड्डाण. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि अकरा दिवसांनी टास्मानियात उतरलं, १३,५६० किलोमीटर, वाटेत कुठेही न थांबता. हा पक्षी समुद्रावर बसून दम खाऊ शकत नाही. निघण्याआधी गॉडविट अंगावर भरमसाठ चरबी चढवतात आणि वजन वाचवायला पचनाचे अवयव आकसतात. पिल्लाच्या पाठीच्या खालच्या भागावर पाच ग्रॅमचा, सौरऊर्जेवर चालणारा, उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारा टॅग होता. एवढ्या लहान पक्ष्यावर याहून जड काही लादणं बरं नव्हे. पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत राहायचं, असा साधारण दंडक आहे.

किलोमीटर मात्र टॅग मोजत नाही. तो अधूनमधून जागा कळवतो आणि संशोधक ते बिंदू जोडतात. दोन बिंदूंच्या मधली वळणं सुटली की अंतर कमी भरतं. प्रत्येक बिंदूत थोडी चूक असली तर रेघ नागमोडी होते आणि अंतर फुगतं. २०२० मध्ये ४बीबीआरडब्ल्यू नावाच्या नर गॉडविटने अलास्का ते न्यूझीलंड उड्डाण केलं. हे नाव त्याच्या पायांतल्या निळ्या, निळ्या, लाल आणि पांढऱ्या कड्यांवरून आलेलं. बिंदू जोडून अंतर आलं १२,८५४ किलोमीटर. चुकांचा हिशेब लावल्यावर ते सुमारे १२,२०० वर आणावं लागलं. म्हणून दोन पक्ष्यांचे विक्रम शेजारी मांडताना दोन्ही आकडे एकाच रीतीने काढलेत का, एवढं आधी बघून घ्या.