ब्विंडीला जायचंय? आधी पिवळं कार्ड करून घ्या

युगांडातल्या ब्विंडी राष्ट्रीय उद्यानात डोंगरी गोरिला बघून आलो. जंगलाबद्दल लिहायला बसलो, पण डोक्यातून ते लसीकरण केंद्र जात नाही, म्हणून आधी तेच.

गोरिलांचं परमिट सहज मिळालं. परदेशी माणसाला ८०० डॉलर पडले. एका कळपाला दिवसातून आठच पर्यटक भेटू शकतात, म्हणून चार महिने आधीच पैसे भरले होते. व्हिसाही ऑनलाइन झाला. अडलं ते पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीवर. लशीच्या प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे त्या पिवळ्या कार्डाशिवाय, भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. शिवाय लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, आणि हे मला फार उशिरा कळलं.

ही लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते. पहिल्यांदा गेलो तेव्हा विमानाला बावीस दिवस होते. सकाळी साडेसातपासून रांगेत. अकराला खिडकीतून उत्तर आलं, "आज माणसं कमी आहेत, कुपी फोडणार नाही. पुढच्या आठवड्यात या." एका कुपीत अनेकांचे डोस असतात, उघडली की काही तासांत संपवावी लागते. लस वाया जाऊ नये हे मला पटतं. पण मग दारावर एक कागद तरी चिकटवा! माझ्यामागे मुलीकडे नैरोबीला निघालेले आजी-आजोबा होते. आजोबांना उभं राहवत नव्हतं, तरी साडेतीन तास कुणी काही बोललं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढच्या आठवड्यात लस मिळाली. घरी येऊन कार्ड पासपोर्टशेजारी ठेवलं, तर त्यावरच्या पासपोर्ट नंबरात ८ च्या जागी ३. परत गेलो. "दुरुस्ती बुधवारी." बुधवारी सही करणारे डॉक्टर मीटिंगला. दुपारी तीनपर्यंत बाकावरून हललो नाही, तेव्हा कुठे नवं कार्ड हातात पडलं. खिडकी सोडण्याआधी एकेक आकडा जुळवून बघा. आणि परमिटचे पैसे भरण्याआधीच लस घ्या. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, त्यामुळे लवकर घेतल्याने काहीच बिघडत नाही.

हो, पंधरा वर्षांखालच्या मुलांना गोरिलांकडे नेत नाहीत, तेही आधीच लक्षात घ्या. सर्दी-खोकला असेल तरी थांबवतात, कारण माणसाचे आजार गोरिलांना लागतात. मास्क लावूनच जायचं.

ट्रॅकर पहाटेच पुढे जाऊन गोरिलांच्या आदल्या रात्रीच्या घरट्यांपासून माग काढतात. आम्ही तीन तास चिखलातून चढत-उतरत होतो. मग वाटाड्याने हात वर केला. रुपेरी पाठीचा नर झुडपात बसून एक जाड दांडा उसासारखा दातांनी सोलत होता. साल ओढल्याचा चरचर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. त्याच्या पाठीवरून एक पिल्लू घसरलं, पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. माझे डोळे भरून आले. जगात हे प्राणी हजाराच्या थोडेच वर उरलेत, त्यातले जवळजवळ निम्मे या एका जंगलात. तासाभराने निघावं लागलं.

जाड हातमोजे न्या, तिथे खाजरी झुडपं फार आहेत. ओझं उचलायला गावातला माणूस घ्या, तेवढाच त्यांना रोजगार. परतल्यावर विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कार्ड मागितलं आणि पासपोर्टच्या नंबराखाली बोट ठेवून एकेक आकडा वाचला.