पऱ्याच्या पाणलोटाचा नकाशा करताना

पक्का बंधारा हवा असेल तर पऱ्याच्या (ओढ्याच्या) पाणलोटाचा, म्हणजे जिथलं पाणी त्यात येतं त्या सगळ्या भागाचा, नकाशा आणि क्षेत्रफळ जोडा, असा शेरा मारून ग्रामपंचायतीची फाईल परत आली. दर वर्षी पाऊस सरला की वाडीतले लोक सिमेंटची रिकामी पोती मातीनं भरून वनराई बंधारा घालतात, आणि जूनच्या पहिल्या लोंढ्यात तो वाहून जातो. म्हणून पक्का मागितला होता. गावात राहून लॅपटॉपवर नोकरी करणारा मीच, त्यामुळे सरपंच वहिनींनी फाईल सरळ माझ्या हातात ठेवली. "भावोजी, तुम्हीच बघा काय ते."

पऱ्या लहानसाच. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळी माळावर, सुरुवात, तिथून दोन घळींतून खाली, मग देवरहाटीतून (देवाच्या नावानं राखलेल्या रानातून) वाडीत, मळे भिजवत काजळी नदीला. काजळी म्हणजे साखरप्याकडून येणारी, चांदेराईच्या बाजारात दर पावसाळ्यात शिरणारी आणि रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळणारी.

आधी गावनकाशा काढला. त्यावर पऱ्या दोन समांतर रेघांत नीट दिसतो, पण गावची शीव आली की गायब. पलीकडे कोरा कागद. महसुलाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे म्हणा, पण पाण्याला शीव कळत नाही. आमच्या पऱ्यात तीन गावांचं पाणी येतं, हे कुठल्याच एका गावच्या नकाशावर सापडणार नव्हतं.

मग सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट घेतला, 1:50,000 प्रमाणाचा. संकेतस्थळावर नोंदणी केली की पीडीएफ मिळतो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या 20 मीटरच्या अंतरानं. या रेषा वाचायची युक्ती सोपी आहे: जिथे रेषेचं टोक डोंगराच्या वरच्या बाजूला घुसतं तिथे घळ, जिथे ते खालच्या बाजूला पुढे येतं तिथे सोंड. सोंडा जोडत गेलं की पाणलोटाची हद्द मिळते. उतारावर हे झकास जमलं. सड्यावर पोचलो आणि रेषाच संपल्या. सडा सपाट, दोन रेषांमध्ये किलोमीटरभर काही नाही. पाणी कुठल्या बाजूला वळतं, ते कागद सांगेना.

क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि उपग्रहाच्या नावाखाली जी उंचीची माहिती मिळते ती घातली. खरं तर ती फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारनं घेतलेली आहे. 30 मीटरचा एक चौकोन, त्याला एकच उंची. सॉफ्टवेअरला पऱ्याचं तोंड दाखवून द्यावं लागतं, मग ते वरचा पाणलोट काढतं. नदीच्या संगमावर ते तोंड घेऊन उपयोग नव्हता, कारण तिथे भरतीचं पाणी आत येतं. उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला तर पऱ्या रिकामाच होत नाही, उलटा मळ्यात पसरतो. म्हणून भरती जिथवर पोचत नाही तो साकव (छोटा पूल) धरला. निकाल आला तो बघण्यासारखा होता. सड्यावर पऱ्याचे फाटे पट्टीनं आखल्यासारखे सरळ, आणि आमची देवरहाटी चक्क टेकडी झालेली! रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसले होते. पऱ्याला त्या टेकडीला वळसा घालायला लावला होता बिचाऱ्याला.

तेव्हा ठरवलं की सड्याचं काम जुलैतच करायचं, मुसळधार पावसात. बरोबर तात्या आले. जन्मभर सड्यावर गुरं राखलेला माणूस, मोबाईलवरचा नकाशा बघून म्हणाले, "ह्यात पानी कुठं हाय?" त्यांनी घरून पिशवीभर भाताचा तूस आणला होता. कातळावर बोटभर पाणी पसरलेलं असतं, ते हलतंय हे सुद्धा डोळ्याला कळत नाही. त्यात मूठभर तूस टाकायचा आणि उभं राहायचं. थोडा वेळ तो जागच्या जागी फिरतो, मग सगळा एका बाजूला सरकायला लागतो. आमच्याकडे सरकला की मोबाईलवर हिरवी खूण, पलीकडे गेला की लाल. कातळावरचा एक हातभर उंचीचा उंचवटा पाण्याचे दोन भाग करतो, हे त्या दिवसांत कळलं. रेनकोट घालूनही अंगावर कोरडं काही राहत नाही, आणि स्क्रीनवर पाणी पडलं की बोटं चालत नाहीत; खुणा करायला पेन्सिल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतली वही बरी.

सर्वांत मोठा शोध मात्र रस्त्याचा. सड्यावरून गेलेल्या डांबरी रस्त्याच्या कडेचं गटार आमच्या बाजूचं पाणी गोळा करतं आणि रस्त्याखालच्या एका मोरीतून पलीकडच्या घळीत सोडतं. रस्ता होण्यापूर्वी ते पाणी आमचं होतं. तात्यांनी गटाराकडे काठी दाखवली, "हे बघ, चोरी." शेजारी दोन चिरेखाणी (बांधकामासाठी जांभा दगड कापायच्या खाणी) आहेत. त्यांच्या खड्ड्यांत पडलेला पाऊस तिथेच साठतो, तोही पऱ्यात उतरत नाही. टोपोशीटवर यातलं काही नाही.

हे सगळं जोडून क्षेत्रफळ आलं अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास. वर्षाला 3,000 मिलिमीटर पाऊस धरला तरी 750 कोटी लिटर पाणी या एवढ्याशा पऱ्याच्या वाट्याला पडतं. पुढच्या एप्रिलमध्ये देवरहाटीतल्या झऱ्याखाली बादली धरली: पंधरा लिटर भरायला दीड मिनिट. म्हणजे दिवसाला 14,400 लिटर. जलजीवन या सरकारी नळपाणी योजनेच्या दिवसाला माणशी 55 लिटरच्या हिशेबानं जेमतेम 260 माणसांचं पाणी.

एवढा फरक का, तर पाऊस सड्यावरून धावत निघून जातो आणि उन्हाळ्यात जे येतं ते जांभ्यात मुरलेलं. जांभा सच्छिद्र, त्याखाली चिकणमाती, तिच्याखाली काळा कातळ. मुरलेलं पाणी चिकणमातीवर अडतं आणि कड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर पडतं. हे आतलं पाणी वरच्या उंचवट्याची हद्द पाळेलच असं नाही. कचेरीनं मागितलेला नकाशा पुराच्या पाण्याचा होता. बायका हंडे घेऊन जातात ते पाणी त्यात मावत नाही. म्हणून मी झऱ्याच्या वरचा सड्याचा पट्टा वेगळ्या, पिवळ्या रंगात दाखवला. सातबारा बघितले तर त्यातला बहुतेक भाग पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. खराब कसला, सगळ्या वाडीचं पाणी तिथून येतं. त्याच्यावर आणखी खाण मंजूर झाली तर खाली कितीही पक्का बंधारा बांधा, अडवणार काय?

कचेरीतल्या साहेबांनी नकाशा घेतला, पण पिवळा पट्टा "नमुन्यात बसत नाही" म्हणून काढायला सांगितला. तो काढला नाही. साधा नकाशा प्रस्तावाला लावला आणि पट्ट्याचा नकाशा तिन्ही गावांच्या ग्रामसभांपुढे ठेवला. दोन गावांनी ठराव केला, तिसऱ्या गावात खाणमालकांची घरं आहेत, तिथे विषय पुढे ढकलला गेलाय. बंधाऱ्याची जागाही बदलली. आधी मळ्यापाशी ठरली होती, आता साकवाच्या वर, जिथे पऱ्याच्या तळाला काळा कातळ उघडा आहे आणि पाया खोल खोदावा लागणार नाही. मोरीसाठी बांधकाम खात्याकडे वेगळा अर्ज दिला आहे: गटाराला सड्यावर एका ठिकाणी तोंड फोडून पाणी आमच्या घळीत सोडा, एवढंच. निधी येईपर्यंत डिसेंबरात पोती भरायची आहेतच, आणि यंदा ती नव्या जागी रचायची असं वाडीच्या बैठकीत ठरलंय.