कॅसेटच्या बी साइडला सर

दिवाळीत परभणीच्या घरचा माळा आवरायला घेतला आणि आईच्या लोखंडी पेटीत माझ्या 6 कॅसेटी सापडल्या. 1986 ते 89 च्या, म्हणजे मी मुंबईत कॉलेजला होतो आणि संध्याकाळी जाझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो तेव्हाच्या. एकीची टेप पार गुंतली होती, पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळली, टेपरेकॉर्डर शेजारून मागून आणला.

ए साइडला आमची प्रॅक्टिस, 12 बारचा ब्लूज, म्हणजे बारा मापांचं एकच चक्र पुन्हा पुन्हा फिरवायचं. बँडमधले बाकी सगळे गोव्याचे, लहानपणापासून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे, मला ते अजिबात येत नव्हतं. पण ब्लूज मला पहिल्याच आठवड्यात जमला कारण त्यातले मुख्य पाच सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, अहो हा तर आपला धानी राग! आठवीत शाळेच्या बँडच्या सरांनी पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर घोटून घेतलेला. आणि फुंक तर त्याच्याही आधीची, 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला बिगूल वाजवायचो ना. बिगुलाला बटणं नसतात, चार-पाच सूर निघतात ते सगळे नुसत्या ओठांवर आणि दमावर.

बी साइड लावली आणि मी खालीच बसलो. डिसेंबरच्या सुट्टीत मनमाडला गाडी बदलून आलो होतो, ट्रम्पेट घेऊन थेट शाळेत गेलो होतो, ते सगळं त्यात आहे. मी बटण न दाबता एक सूर लावतो, सर पेटीवर दोनदा चाचपडतात आणि म्हणतात, "काळी पाच हाय की रे ही." बरोबरच, पेटीची पाचवी काळी पट्टी म्हणजे बी फ्लॅट, आणि ट्रम्पेट बी फ्लॅटचाच असतो. त्यांनी ट्रम्पेट तोवर कधी हातातसुद्धा धरला नव्हता. मग काळी पाच सा धरून सर धानी वाजवतात, मी ब्लूज वाजवतो, मध्येच मी पळायला लागतो तर सरांचा आवाज येतो, "काहून घाई करायलास? दम धर, सूर पुरा होऊ दे."

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही, म्हणून सगळं पेनड्राइव्हवर घालून शाळेच्या ऑफिसात दिलंय. 11 व्या मिनिटापासून ऐका. मधल्या सुट्टीची घंटा होते, पोरांचा गोंगाट सुरू होतो, आणि सर पेटी थांबवत नाहीत.