शिंक आली तर

वाचता वाचता पुस्तकाच्या पानावर मुंगी आली. दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या वाटेने सरळ चालली होती. पान उलटलं असतं तर संपलीच असती, म्हणून मोठ्या मनाने ठरवलं की हिला अलगद उचलून बाजूला ठेवू. चिमटीत धरली, खाली सोडली, तर ती पाच पायांवर गोल गोल फिरायला लागली. सहावा माझ्या बोटाला चिकटलेला. मारायलाच गेले असते तर इतकं वाईट वाटलं नसतं.

एरवी मी तिला फुंकर मारून मोकळी झाले असते. हातात गलिव्हर होता, म्हणून हा उमाळा. स्विफ्टचं हे पुस्तक १७२६ सालचं. लहानपणी त्यातला लिलिपुटचा भाग तेवढा वाचलेला असतो, दोऱ्यांनी जमिनीला बांधलेला माणूस आणि छातीवर चढलेली वीतभर माणसं. त्यापुढे तोच गलिव्हर राक्षसांच्या देशात जातो आणि स्वतः वीतभर ठरतो, तो भाग आता वाचताना अंगावर काटा येतो. तिथे कुणी त्याच्या जिवावर उठलेलं नसतं. शेतकऱ्याचं वर्षाचं बाळ त्याला खेळणं समजतं आणि त्याचं डोकं तोंडात घालतं. हा ओरडतो, बाळ दचकून त्याला सोडून देतं. आईने खाली ॲप्रन धरला म्हणून मान वाचली. बाळाचं काय चुकलं? सगळीच बाळं हातात येईल ते तोंडात घालतात.

माणसं खाणारा राक्षस मला फारसा भीतिदायक वाटत नाही. त्याच्यापासून पळायचं असतं, एवढं तरी नक्की असतं. भीती वाटते ती चांगल्या राक्षसाची. तो आपल्याला खांद्यावर बसवतो, जपतो, गोष्टी सांगतो. आणि मग त्याला शिंक येते.

गलिव्हरला सांभाळते शेतकऱ्याची नऊ वर्षांची मुलगी. उंची चाळीस फुटांच्या आत, म्हणजे तिथल्या हिशेबाने वयाच्या मानाने ठेंगणीच. नाव ग्लमडालक्लिच, उच्चारताना जीभ अडखळते. ती त्याला कपडे शिवते, भाषा शिकवते, बाहुलीच्या पाळण्यात निजवते. बाप त्याला गावोगाव दाखवून पैसे कमवायचं ठरवतो तेव्हा ती रडते. गेल्या वर्षी आईबापांनी तिला एक कोकरू दिलं होतं. ते पुष्ट झाल्याबरोबर खाटकाला विकलं. ही ओळ मी पूर्वी कशी ओलांडली होती कोण जाणे. आवडती वस्तू आपल्या हातून जाते, हे तिला नवव्या वर्षीच ठाऊक आहे. त्याला ती इतकी जपते त्यामागे कोकरू आहे, असं मला आता वाटतं.

आपल्याकडे वालखिल्य ऋषी आहेतच. अंगठ्याएवढे. महाभारताच्या आदिपर्वात ते सगळे मिळून पळसाच्या पानाचा एक देठ वाहून नेत असतात आणि गाईच्या खुराच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात गटांगळ्या खातात. डोंगराएवढी लाकडं घेऊन निघालेला इंद्र हसतो. मी सुद्धा हसले होते. पण जरा हिशेब करून पाहा. शरीर लहान होतं तसं वजन झपाट्याने घटतं, त्वचेचा पसारा मात्र तितका घटत नाही. आपण अंघोळ करून निघालो तर अंगावर अर्धा किलोच्या आसपास पाणी असतं, जाणवतही नाही. अंगठ्याएवढ्या माणसाला तेच पाणी स्वतःच्या वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्श्याएवढं होईल. आपण तीन वर्षांचं पोर पाठीवर घेऊन निघावं तसं. मुंगीला मुताचा पूर म्हणतात ते काही उगीच नाही. राक्षसाने मित्रासाठी डोळ्यांतून पाणी काढायचं असेल तर तोंड फिरवून काढावं.

त्याच ऋषींच्या बाबतीत गरुड काय करतो पाहा. हत्ती आणि कासव पंजांत धरून तो वडाच्या फांदीवर टेकतो, फांदी कडाडून मोडते आणि त्याला दिसतं, फांदीला वालखिल्य उलटे लटकलेत. तो फांदी चोचीत धरतो आणि उडत राहतो. उतरायला जागा नाही, चोच उघडायची सोय नाही, भूक तशीच. शेवटी त्याचे वडील कश्यप त्या ऋषींची विनवणी करतात, ते उतरतात आणि मगच गरुड फांदी टाकतो. राक्षस आणि चिमुकल्यांच्या मैत्रीचं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही. त्यात गरुड आणि ते ऋषी एकमेकांशी एक शब्दही गोड बोलत नाहीत.

गंमत म्हणजे खरं नाजूकपण मोठ्याकडेच असतं. गॅलिलिओने १६३८ सालीच लिहून ठेवलंय की नुसतं आकारमान वाढवून चालत नाही. उंची बारा पट केली तर वजन १७२८ पट होतं, हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र १४४ पटच भरतं. म्हणजे ग्लमडालक्लिच उठून उभी राहिली असती तर तिचीच हाडं पिचली असती. गोष्टीत ती बिनधास्त चालते. चालू द्यावी.

आणि चिमुकले तरी कुठले निरागस! लिलिपुटच्या दरबारात गलिव्हरला मारायचं घाटतं तेव्हा त्याचा तिथला जिवलग मंत्री मध्यस्थी करतो: ठार नको, फक्त दोन्ही डोळे फोडू. हे सारं मैत्रीखातर.

राक्षसांच्या देशातून घरी परतल्यावर गलिव्हर रस्त्याने ओरडत चालतो, बाजूला व्हा, तुडवले जाल. स्वतःच्या दारातून वाकून आत शिरतो. घरच्यांना वाटतं, याला वेड लागलं.

परवा भाचा माझ्या दंडावर झोपला होता. तीन महिन्यांचा. माझं एक बोट त्याच्या मुठीत, म्हणजे मुठीत जेवढं मावेल तेवढं. तासाभरात हात बधिर झाला, मग मानेत कळ आली. कूस बदलायची म्हणजे मधे तो. छताकडे बघत पडून राहिले. आणि नेमकी नाकात शिरशिरी सुरू झाली. मोकळा असलेला डावा हात हळूहळू, अगदी हळूहळू वर आणला आणि नाक घट्ट दाबून धरलं.